वकीलबाईंना विचारा : यॉर्कची खाटकीण कोर्टात गप्प का राहिली?

वारसनोंद, बक्षीसपत्र, खोली न सोडणारा भाडेकरू हे नेहमीचे प्रश्न या अंकात मागे ठेवलेत, संबंधितांनी रागावू नये. गेल्या अंकात गंगापूर रोडच्या एका आईने इंग्लंडमधल्या एका संत बाईबद्दल विचारलं होतं आणि जागा नसल्याने मी ते चार ओळींत उरकलं होतं. त्या चार ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी सातबाऱ्यावरही येत नाहीत. मी कॅथलिक, नाशिकरोडची, आणि उमेदीची सगळी वर्षं जुन्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवण्यात गेली. त्यामुळे हा खटला मला दोन्हीकडून जवळचा. मूळ प्रश्न पुन्हा घेते आणि तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : माझी मुलगी यॉर्कला शिकते. तिथल्या शॅम्बल्स नावाच्या जुन्या गल्लीत दुकानांच्या रांगेतच एक छोटंसं प्रार्थनास्थळ आहे, त्याचा फोटो तिने पाठवला. नाव सेंट मार्गारेट क्लिथरो. खाटकाची बायको होती एवढंच मुलीला कळलं. ही कोण, आणि तिला मारलं कशासाठी?
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर : खाटकाची बायको हे खरं, पण नुसती बायको नव्हे, दुकानाचा व्यवहार तिच्या हातात होता. शॅम्बल्स ही यॉर्कची खाटीकगल्ली. आपल्या दहीपुलाजवळच्या बोळांत दोन्हीकडचे वाडे अंगावर येतात तशीच, वरचे लाकडी मजले पुढे झुकलेले. आता तिथे मटण मिळत नाही, भेटवस्तूंची दुकानं आहेत, पण मांस टांगायचे लोखंडी आकडे आणि माल मांडायच्या रुंद फळ्या अजून जागेवर आहेत. मुलीला पुढच्या वेळी मान वर करून बघायला सांगा. आणि ते प्रार्थनास्थळ म्हणजेच तिचं घर असं समजून लोक फोटो काढतात. तिचं राहतं घर बहुधा गल्लीच्या समोरच्या बाजूला होतं.

मार्गारेट यॉर्कमध्येच जन्मली, १५५० नंतरच्या दशकात. वडील थॉमस मिडलटन मेणबत्त्यांचे व्यापारी, शहराचे शेरीफही झालेले. ते गेल्यावर आईने हेन्री मे नावाच्या माणसाशी दुसरं लग्न केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १५७१ मध्ये मार्गारेटचं लग्न जॉन क्लिथरोशी झालं. तो बिजवर, पदरी आधीची मुलं, पण चांगला पैसेवाला खाटीक आणि गावात वजन असलेला. माहेर-सासर दोन्ही राणी एलिझाबेथच्या नव्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाणारं. लग्नानंतर तीनेक वर्षांनी मार्गारेट कॅथलिक झाली. नवरा झाला नाही, शेवटपर्यंत झाला नाही.

कॅथलिक होणं म्हणजे काय होतं ते समजायला तिथला कायदा बघावा लागतो. तो एका दिवसात आला नाही, फास आवळावा तसा आवळत गेला. १५५९ च्या कायद्याने रविवारी सरकारी चर्चला न जाणाऱ्याला एक शिलिंग दंड होता. १५८१ मध्ये तोच दंड महिन्याला वीस पौंड झाला, म्हणजे साधं घर धुऊन निघेल एवढा. १५८५ मध्ये त्याच्याही पुढचं आलं. परदेशात दीक्षा घेऊन आलेला इंग्लिश कॅथलिक धर्मगुरू देशात सापडला तर राजद्रोह, आणि त्याला घरात आसरा देणाऱ्याला मृत्युदंड.

मार्गारेट १५७७ पासून यॉर्कच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जा-ये करत होती, चर्चला जात नाही म्हणून. एक बाळंतपण तुरुंगातच झालं. वाचायलाही ती तिथेच शिकली. बाहेर आली की घरी चोरून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, व्हायची. धर्मगुरूला लपायला एक खोली, मिस्साची वस्त्रं आणि भांडी ठेवायला एक जागा. थोरल्या मुलाला, हेन्रीला, तिने शिकायला फ्रान्सला पाठवून दिलं. त्यावरूनच सगळं उसवलं. १० मार्च १५८६ ला जॉनला मुलाबद्दल विचारायला बोलावून घेतलं आणि मागे घराची झडती घेतली. पोरांना शिकवणारा मास्तर निसटला. हाती लागली मुलं, नोकर आणि एक फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचा) पोरगा, दहाबारा वर्षांचा. त्याचे कपडे उतरवून छडी दाखवली, आणि त्याने खोली, वस्त्रं, सगळं दाखवलं. धर्मगुरू काही मिळाला नाही.

चार दिवसांनी तिला कोर्टात उभी केली. गुन्हा कबूल की नाकबूल, असं विचारलं. तिने दोन्ही म्हटलं नाही. त्या न बोलण्याबद्दल तिला अंगावर वजन ठेवून मारलं, २५ मार्च १५८६ ला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर धर्मगुरू लपवल्याचा गुन्हा तिच्यावर कधी शाबीतच झाला नाही. गेल्या वेळी मी इथेच थांबले होते, आणि म्हणूनच पुढचं पत्र आलं.

प्रश्न : मॅडम, मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने "नाकबूल" एवढा एकच शब्द उच्चारला असता तर खटला चालला असता, पुरावा कमकुवत होता, कदाचित सुटलीही असती. मग गप्प राहणं म्हणजे आत्महत्याच नाही का? आणि न बोलण्याला एवढी भयंकर शिक्षा कोणत्या कायद्यात बसते?
— विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : दुसरा भाग आधी घेते.

आपल्याकडे दोषारोप वाचून दाखवतात, साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" आरोपी कधी वकिलाकडे बघतो, कधी छताकडे, कधी बायको आलीय का ते दाराकडे बघतो. एक म्हातारा माझ्याच पक्षकारांपैकी होता, त्याला तीनदा विचारलं तरी तो आपल्या टोपीची शिवण चाचपत उभा. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि साक्षीपुरावा सुरू झाला. आरोपी बोलला नाही म्हणून आपलं काही अडत नाही. न बोलणाऱ्याचा खटला नाकबूल असल्यासारखा पुढे चालतो. शिवाय राज्यघटनेचा अनुच्छेद २० (३) आहेच, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही.

जुन्या इंग्लिश कायद्यात अडायचं. ज्यूरीपुढे खटला चालायला आरोपीची संमती लागायची. "तुझा न्याय कोणी करायचा?" असं विचारलं की त्याने "देवाने आणि देशाने" असं ठरलेलं उत्तर द्यायचं. देश म्हणजे ज्यूरीचे बारा जण. हे शब्द उच्चारले नाहीत तर ज्यूरी बसू शकत नव्हती, आणि ज्यूरी नाही तर निकाल नाही. ही कोंडी फोडायला त्यांनी युक्ती काढली ती अशी, की आरोपीला उताणं पाडून त्याच्या अंगावर वजन चढवत जायचं, बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. ही दोषाची शिक्षा नव्हे, बोलतं करायची सक्ती, अशी वर कायदेशीर मखलाशी. १७७२ पर्यंत हे पुस्तकात होतं. त्यानंतर गप्प राहणं म्हणजे दोषी असं धरायला लागले, आणि १८२७ मध्ये कुठे गप्प राहणं म्हणजे नाकबूल हे आलं. आपल्याकडची पद्धत याच दिशेची आहे.

काही जण मुद्दाम गप्प राहून असं मरण पत्करायचे, त्यामागे हिशेब असायचा. दोष शाबीत झाला तर मालमत्ता सरकारजमा. निकालच लागला नाही तर ती मुलाबाळांना राहते. परीक्षेत हा मुद्दा लिहाल तर मार्क मिळतील, पण मार्गारेटला तो लावू नका. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा काही नसायचंच, जे काही ते नवऱ्याचं. वाचवायला तिच्याकडे मालमत्ता नव्हती.

आता पुरावा. तुम्ही म्हणता ते बरोबर, फार कच्चा होता. एका धमकावलेल्या परक्या पोराचा जबाब आणि काही कपडे-भांडी. न्यायाधीश क्लेंच तर तिला जवळजवळ समजावत होता की एवढ्याशा पोराच्या साक्षीवर ज्यूरी काही फार करणार नाही, तू फक्त खटला चालू दे. आणि गंमत बघा, त्या कोर्टात तिच्या बाजूने उठून बोलला तो एक प्युरिटन, म्हणजे अतिकट्टर प्रॉटेस्टंट, उपदेशक, गाइल्स विगिन्टन. तिच्या धर्माचा त्याला तिटकारा. पण एका पोराच्या साक्षीवर माणसाचा जीव घेणं देवाच्या कायद्यातही बसत नाही आणि माणसाच्याही, असं त्याने न्यायाधीशाला तोंडावर सांगितलं. माझ्या दृष्टीने त्या दिवशी कोर्टात खरा वकील तेवढा एकच होता.

मी तिची वकील असते तर काय सांगितलं असतं? नाकबूल म्हणा, पुढचं मी बघते. कोणीही हेच सांगेल.

तिचं म्हणणं काय होतं ते तिचे धर्मगुरू जॉन मश यांनी लिहून ठेवलंय. ते तिच्या बाजूचे, त्यामुळे त्यांचा मजकूर मी एका बाजूच्या साक्षीदाराचा जबाब म्हणूनच वाचते. पण हा भाग मला पटतो, कारण तो साधुसंताच्या तोंडी शोभणारा नाही, संसारी बाईचा हिशेब आहे. खटला उभा राहिला तर एका पोरावर भागणार नाही. सरकार पक्ष आणखी साक्षीदार आणणार, आणि घरात काय चालतं हे माहीत असणारे कोण? तिची मुलं आणि नोकर. आपल्याच लेकराला आपल्याविरुद्ध पिंजऱ्यात उभं केलेलं बघणं हे तिला हजार मरणांपेक्षा जड होतं. आणि दुसरं, ज्यूरीतले बारा जण म्हणजे गावातलीच माणसं, आज ना उद्या दुकानावर येणारी. वरच्या सरकारी कौन्सिलला खूश करायला ते दोषी म्हणणार हे तिला दिसत होतं. मग तिच्या रक्ताचा डाग त्यांच्याही हाताला लागणार. तिला तो लागू द्यायचा नव्हता.

हे दोन मुद्दे एकत्र ठेवा. तिने गप्प राहून पुराव्याची पायरीच येऊ दिली नाही. ना मुलांची सरतपासणी, ना नोकरांचे जबाब, ना बारा शेजाऱ्यांचा निकाल. भाविक पुस्तकांत ती फार मऊ, डोळे वर लावलेली काढतात. मला ती तशी वाटत नाही. कायद्यात कुठे फट आहे हे तिला कोर्टातल्या काळ्या झग्यांपेक्षा लवकर कळलं. "मी काही गुन्हा केलेला नाही, मला खटल्याची गरज नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

आत्महत्येचं म्हणाल तर एक गोष्ट सांगते. गरोदर बाईला बाळंतपणापर्यंत मारता येत नव्हतं. तिला दिवस गेले असावेत अशी शंका होती, बायकांकडून तपासणी झाली, त्यांनीही तसंच सांगितलं. क्लेंच थांबायला तयार होता. तिने "हो" म्हटलं असतं तर निदान काही महिने मिळाले असते. तिने सांगितलं की मला खात्रीने सांगता येत नाही. खात्री नाही तर हो कशी म्हणू, असा तिचा बाणा. मरायची घाई असलेली बाई ठाम नाही म्हणून मोकळी झाली असती. तिने तेही केलं नाही.

प्रश्न : आमच्या चर्चमधल्या लोकांनाही जाळलंय तुमच्या राणीने, त्याबद्दल वकीलबाई गप्प का?
— निवृत्त शिक्षक, शरणपूर रोड

उत्तर : गप्प नाही सर, विचारलं की बोलते. एलिझाबेथच्या आधी तिची सावत्र बहीण मेरी गादीवर होती, कॅथलिक. १५५३ ते १५५८ या पाच वर्षांत तिच्या राज्यात सुमारे २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. बहुतेक साधी माणसं, विणकर, सुतार, बायका. डर्बीची जोन वेस्ट तर जन्मापासून आंधळी. दोरखंड वळणाऱ्या बापाची मुलगी, विणकाम करून पैसे साठवले, नवा करार विकत घेतला आणि वाचता येणाऱ्यांना पैसे देऊन तो स्वतःला वाचून घेतला. १५५६ मध्ये तिला जाळलं, वय बाविशीच्या घरात. मार्गारेटवर लिहिताना मला जोनही आठवते, आणि तुमच्या चर्चमध्ये कोणी जोनबद्दल बोललं तर मी पहिल्या बाकावर येऊन बसेन.

एलिझाबेथच्या सरकारची भीतीही निव्वळ बनाव नव्हती. १५७० मध्ये पोपनी फर्मान काढून तिला बहिष्कृत केलं आणि प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. त्याआधीच्या वर्षी उत्तरेत कॅथलिक सरदारांचं बंड झालेलं. त्यातल्या नॉर्थंबरलंडच्या थॉमस पर्सीचं डोकं १५७२ मध्ये यॉर्कमध्येच उडवलं, पेव्हमेंट चौकात, शॅम्बल्सपासून हाकेच्या अंतरावर. मार्गारेटच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या फर्मानाचा भार पुढे कोणावर पडला? रोमवर नाही. महिन्याला वीस पौंड भरणाऱ्या आणि लपाछपी करणाऱ्या यॉर्कच्या दुकानदारांवर पडला. पोपच्या त्या निर्णयाबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि कॅथलिक असून ते छापायला मला काही वाटत नाही.

प्रश्न : संत असेल ती, पण नवऱ्याला न विचारता घरात माणसं लपवायची, दंड त्याने भरायचा, आणि शेवटी मुलं आईविना सोडून जायचं? आमच्याकडे अशा सुनेला नावंच ठेवली असती.
— गृहिणी, सातपूर

उत्तर : ताई, त्यांच्याकडेही ठेवली. पहिलं नाव तिच्या सावत्र बापाच्या तोंडून आलं असं मश लिहितात. तोच हेन्री मे. त्या वर्षी तो यॉर्कचा लॉर्ड मेयर होता. सावत्र मुलगी तुरुंगात आणि आपण नगरप्रमुख, अशी त्याची पंचाईत. आधी तिच्याकडे जाऊन गुडघे टेकून विनवण्या केल्या, आणि ती गेल्यावर तिच्या चारित्र्यावर बोलला. आपल्याकडच्या एखाद्या खासदाराच्या सासऱ्याने याहून वेगळं काय केलं असतं, सांगा.

जॉनबद्दल मला जास्त वाटतं. भला माणूस. रविवारी सरकारी चर्चला जायचा, बायकोचा दंड भरायचा, आणि घराच्या माडीवर काय चाललंय ते विचारायचा नाही. विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं असं मी उलटतपासणीत कधी मान्य केलं नसतं. त्याचा सख्खा भाऊ विल्यम कॅथलिक धर्मगुरू झाला होता. त्याला सगळं कळत होतं. कधीमधी जेवणाच्या पंगतीत चार घोट जास्त झाले की कॅथलिकांना शिव्या घालायचा आणि मार्गारेट मुकाट्याने रडायची, असाही प्रसंग सांगतात. पण शिक्षा ऐकल्यावर तो ढसाढसा रडला, इतका की नाकातून रक्त आलं. माझं असेल नसेल ते सगळं घ्या पण तिला सोडा, असं म्हणाला. सबंध इंग्लंडात तिच्यासारखी बायको नाही आणि तिच्यासारखी कॅथलिकही नाही, हेही त्याचेच शब्द. त्याला गावाबाहेर जायला लावलं. शेवटची भेट म्हणावी अशी झालीच नाही.

"नवऱ्याला न विचारता" या तुमच्या मुद्द्याला मात्र मी वळसा घालणार नाही. लपवलेल्या धर्मगुरूमुळे त्याच्याही गळ्याशी आलं असतं. तिने त्याला सांगितलं नाही ते त्याला अंधारात ठेवायला की त्याला सुरक्षित ठेवायला? माहीत नसलेल्या माणसाला आसरा दिल्याच्या गुन्ह्यात गोवता येत नाही. मी वकील आहे, मला दुसरं खरं वाटतं. पण तुम्ही पहिलं म्हणालात तर तुमच्याशी वाद घालायला सबळ पुरावा माझ्याकडे नाही.

मुलांचं सांगते. ॲन बारा वर्षांच्या आसपासची होती. आईबद्दल काही सांगेना आणि त्यांच्या प्रवचनालाही बसेना म्हणून तिलाही अडकवून ठेवलं. पुढे ती आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेनच्या मठात धर्मभगिनी झाली. तुरुंगात जन्मलेला विल्यम धर्मगुरू झाला.

शेवटच्या दिवसांत मार्गारेटने काय केलं? शिवणकाम. स्वतःसाठी लिननच्या कापडाचा एक साधा झगा शिवला आणि त्याला बाह्यांपाशी लांब नाड्या लावल्या, कारण हात दोन्ही बाजूंना ताणून बांधणार हे तिला माहीत होतं. स्वतःच्या मरणाचं कापड बेतून शिवणारी बाई. डोक्यावरची टोपी जॉनला पाठवली, तो घरचा कर्ता म्हणून. बूट आणि मोजे ॲनला पाठवले, माझ्या पावलावर पाऊल टाक म्हणून. बूट देऊन टाकल्यामुळे सकाळी अनवाणीच निघाली.

लांब जायचं नव्हतं, ऊझ नदीच्या पुलावरचा तुरुंग आणि पाचसहा पावलांवर जकातघर. रस्त्यात इतकी गर्दी की वाट काढावी लागली. काम शेरीफच्या शिपायांचं होतं, पण त्यांचं मन होईना, म्हणून त्यांनी चार भिकाऱ्यांना पैसे देऊन आणलं. तिला जमिनीवर उताणी निजवली, पाठीखाली मुठीएवढा टोकदार दगड, तोंडावर रुमाल, नाड्यांनी हात दोन खांबांना बांधलेले. अंगावर एक दार आडवं टाकलं आणि दारावर वजनं, साडेतीनशे ते चारशे किलो. पाव तासात संपलं. दार सहा तास तसंच ठेवलं. मग उकिरड्याजवळ पुरलं, आणि तिच्या माणसांनी सहा आठवड्यांनी शोधून दुसरीकडे नेलं. ते दुसरीकडे कुठे हे आज कोणाला ठाऊक नाही. एक हात तेवढा यॉर्कच्या बार कॉन्व्हेंटमध्ये जतन केलाय.

बऱ्याच ठिकाणी तो दिवस गुड फ्रायडे होता असं छापलेलं असतं. नव्हता. त्या वर्षी इंग्लंडात ईस्टर ३ एप्रिलला आला, म्हणजे गुड फ्रायडे आठवड्याने नंतर. दिवस शुक्रवारच होता, पण तो मरियामातेला देवदूताने निरोप दिल्याचा सण. जुन्या इंग्लिश रिवाजाप्रमाणे नवं वर्षही त्याच दिवशी सुरू व्हायचं.

प्रश्न : आपल्या देशात असं कोणी साधं संसारी माणूस संत झालंय का? वसईचे गोन्सालो गार्सिया आम्हाला शिकवलेत.
— युवक, जेल रोड

उत्तर : गोन्सालो गार्सिया वसईचे, नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर मेले, १८६२ मध्ये संत घोषित झाले. पण ते फ्रान्सिस्कन संघातले बंधू, म्हणजे व्रतस्थ. त्यांच्यासकट मारलेल्या २६ जणांत १७ जपानी प्रापंचिक होते, पोरंसुद्धा. त्यांची नावं आपण घेत नाही हे खरं.

भारतातले पहिले प्रापंचिक संत देवसहायम. जन्म १७१२, नट्टालमचा, आजचा कन्याकुमारी जिल्हा. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मांच्या दरबारात अधिकारी. १७४१ च्या कोलाचेलच्या लढाईत पकडलेला डच अधिकारी डी लॅनॉय पुढे त्याच राजाच्या नोकरीत आला, त्याच्या ओळखीतून देवसहायम ख्रिस्ताकडे वळले. १७४५ मध्ये वडक्कनकुळमला बाप्तिस्मा. १७४९ मध्ये अटक, पुढे तीन वर्षं हालअपेष्टा, १४ जानेवारी १७५२ ला अरल्वायमोळीजवळच्या डोंगरावर गोळ्या घातल्या. समाधी नागरकोइलजवळ कोट्टारच्या चर्चमध्ये. चर्चच्या मते ही शिक्षा धर्मामुळे आणि खालच्या मानलेल्या जातींबरोबर उठबस केल्यामुळे. काही इतिहासकार म्हणतात आरोप राजद्रोहाचा होता. मार्गारेटच्या देशातही सरकार राजद्रोहच म्हणायचं, तेव्हा नुसत्या आरोपाच्या नावावरून मी काही ठरवत नाही. १५ मे २०२२ ला त्यांना संत घोषित केलं, तेही पिल्लै हे जातीचं नाव वगळून. ते वगळावं म्हणून भारतातूनच मागणी गेली होती, आणि मला ती रास्त वाटते.

प्रश्न : मुलीच्या दृढीकरणाला (बाप्तिस्मा पक्का करण्याच्या विधीला) मार्गारेट नाव घ्यायचंय, तुमचं उत्तर वाचूनच. सण कधी धरायचा?
— एक वडील, उपनगर

उत्तर : मार्गारेट नावाच्या संत बऱ्याच आहेत. स्कॉटलंडची राणी आहे, १६ नोव्हेंबर. पवित्र हृदयाच्या भक्तीची मार्गारेट मेरी आहे, १६ ऑक्टोबर. फादरांना नुसतं मार्गारेट सांगितलंत तर ते यांच्यापैकीच एक धरतील, म्हणून नोंदीत क्लिथरो असं स्पष्ट लिहायला लावा. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी इंग्लंड-वेल्सच्या ४० रक्तसाक्षींना, म्हणजे धर्मासाठी जीव दिलेल्यांना, एकत्र संतपद दिलं, त्यात ती आहे. त्या चाळीसांत बायका तिघीच, ही, मार्गारेट वॉर्ड आणि ॲन लाइन. २५ मार्च मरियेच्या सणात जातो, त्यामुळे इंग्लंडात या तिघींचा मिळून ३० ऑगस्टला सण करतात. तुम्हीही तोच धरा; मार्चमध्ये परीक्षा असते, ऑगस्टमध्ये पोरगी मोकळी असेल.